हेडबाईचं पोट

लंगोट उघडला तर आजही नुसताच ओला. म्हणजे शू होती, शी नव्हती. मी तो खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट बघितला, कुठेतरी कोपऱ्यात थोडीशी असेल आणि आपल्या नजरेतून सुटली असेल म्हणून. नव्हती. हेडबाई पाय पोटाशी घेऊन पडल्या होत्या. हेडबाई म्हणजे आमची मुलगी. अजून महिन्याचीही नाही, पण जन्मल्यापासून कपाळाला आठी, आणि नर्सने पहिल्यांदा माझ्या हातात दिली तेव्हा तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. तेव्हापासून हेडबाई. आत्ता त्यांचा चेहरा लालभडक झाला होता, मुठी वळलेल्या होत्या, एवढंसं अंग सगळंच्या सगळं एका कामाला लागलं होतं, आणि ते काम होत नव्हतं. मग त्या दमल्या आणि रडायला लागल्या. मागच्या खेपेला झाली होती ती वाटाण्यांसारखी, कोरडी, कडक, आणि ती होताना जी किंकाळी फुटली ती माझ्या कानातून अजून गेलेली नाही. "झाली का रे?" माझ्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं. मी ओला लंगोट बादलीत टाकला, त्या आवाजावरूनच तिला उत्तर कळलं. बायको खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. समोर स्टुलावर पाण्याचा ग्लास, शेजारी तिची सकाळची गोळी. गोळी तशीच. "आज संध्याकाळपर्यंत वाट बघते," ती म्हणाली, भाजी संपलीय म्हणावं तितक्या साध्या आवाजात. "नाही झाली तर या गोळ्या बंद. हिला मी अंगावर घेणार." मी अगं पण, अगं पण करत राहिलो. "अजून येतं मला," ती म्हणाली. "रोज गाऊन भिजतो. मी तुला सांगत नाही, एवढंच." मला खरंच माहीत नव्हतं. मी गोळीकडे बोट केलं, आणि ही? "हीसुद्धा संध्याकाळीच बघू." आई तेवढ्यात हात पुसत बाहेर आली आणि हेडबाईंना उचलून घेत म्हणाली, "काही काही मुलांना बाटलीचं जड पडतं गं, काय करणार." आईच्या मनात काही नव्हतं. ती अशीच बोलते, तोंडाला येईल ते, आणि मग विसरून जाते. बायको विसरत नाही.

त्या गोळ्या मनाच्या आहेत. हे मी आता सरळ सांगू शकतो, पूर्वी नाही सांगायचो, पूर्वी म्हणायचो डोकेदुखीच्या आहेत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती झोपेनाशी झाली. आधी मजा वाटली. सगळं घर धुऊन काढलं, स्वयंपाकघराच्या भिंती स्वतः रंगवल्या, रंग सुकायच्या आत दुसरा दिला. बोलत राहायची, इतकं बोलायची की तिच्या ओठांच्या कडा फुटल्या. मग एका दुपारी ती ऑफिसात नाही म्हणून फोन आला आणि शोधत शोधत मी बसच्या डेपोत पोचलो, तर ही अनवाणी, चौकशीच्या खिडकीबाहेर उभी राहून लोकांना कुठली बस कुठे जाते ते सांगत होती. आणि बरोबर सांगत होती. लोक आभार मानून जात होते. मी हात धरला तेव्हा तिने मलाही विचारलं, तुम्हाला कुठे जायचंय. त्यानंतर उलटं सुरू झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि पाणी प्यायच्या आधी मला विचारायची, पिऊ का? मी म्हणायचो पी ना गं, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचो. कितीतरी औषधं बदलल्यावर ही गोळी लागू पडली, आणि माझी बायको मला परत मिळाली, तिच्या टोमण्यांसकट. दिवस राहिले तेव्हा मनाच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, बाळंतपणानंतरचे महिने सगळ्यांत नाजूक, या काळात ही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि ही दुधात उतरते, तेव्हा बाळाला पावडरचं दूध. तिने समजूतदारपणे मान डोलावली. इतकी समजूतदार मान तिने आयुष्यात कधी डोलावली नव्हती, तिथेच मला कळायला हवं होतं.

गोळ्यांनी तिचे हात कापतात. फार नाही. सुईत दोरा ओवायला जमत नाही, चहाचा कप बशीत ठेवताना जरा वाजतो. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी तिने पहिली बाटली करायला घेतली आणि डब्यातला चमचा बाटलीच्या तोंडापाशी नेईनेईतो निम्मी पावडर ओट्यावर. मी म्हटलं, राहू दे गं, मी करतो. प्रेमानेच म्हटलं. तिने चमचा माझ्या हातात दिला आणि हात मागे घेतले. तेव्हापासून बाटल्या माझ्याकडे. सकाळी निघायच्या आधी मी पाणी उकळतो, निववतो, बाटल्या उकळून घेतो, आधी पाणी मापून मग पावडर, एकेक चमचा काठोकाठ आणि वरून सुरीच्या पाठीने सपाट, असा की त्याच्यावर कुणीही येऊन गवंड्याची लेव्हल लावून बघावी. दिवसभराच्या बाटल्या फ्रिजमध्ये रांगेत लागल्या की मला आत कुठेतरी फार बरं वाटतं. आई नुसती कोमट करून पाजते. बायको बघत असते. आपल्या बायकोला आपण काय देतोय आणि काय काढून घेतोय हे माणसाला कळत नाही, हातात चमचा असला की तर अजिबातच नाही.

रजा संपलेली होती, कामावर जाणं भाग होतं. आईला बाजूला घेऊन सांगितलं, तिच्यावर लक्ष ठेव, आणि बाटलीबद्दल एक अक्षर बोलू नकोस. "मी काय बोलले?" आई म्हणाली. रस्त्यावर नेहमीची गर्दी होती, जो तो आपापल्या घाईत, आणि मला त्या सगळ्यांचा विलक्षण हेवा वाटला, कारण यातले बहुतेक जण सकाळी उठून, काही विचार न करता, मोकळे होऊन आले होते. सिग्नलला उभा असलेला तो टायवाला. दूधवाला. शाळेच्या रिक्षात कोंबलेली पोरं. कुणाला आपल्या नशिबाची कल्पना तरी आहे का? आणि मग हटकून बाबा आठवले. बाबा म्हणजे घरात पाऊल टाकलं की रेडिओ आपोआप हळू व्हायचा असा माणूस. शेवटच्या आजारात बिछान्याला खिळले आणि त्यांचं सगळं जग आक्रसत आक्रसत एवढ्याशा प्रश्नावर येऊन थांबलं. मी कामावरून आलो की बूट काढायच्या आधी विचारायचो, बाबा, झाली का आज? आणि ते, ज्यांनी माझी प्रगतिपुस्तकं बघून कधी भुवई हलवली नव्हती, ते नापास झालेल्या पोरासारखे खाली बघायचे. एकदा झाली. मी भांडं घेऊन निघालो तर मागून म्हणाले, "तुझ्या आईला पण सांग." मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं आणि आम्ही दोघं ओट्यापाशी उभं राहून हसलो, हसता हसता आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा पुढे लवकरच गेले. त्यांच्यावर मी किती प्रेम करत होतो हे मला त्यांच्या कुठल्या उपदेशाने नाही, त्या भांड्याने कळलं. चाळीशी ओलांडल्यावर मुलगी झाली आणि मी पुन्हा त्याच प्रश्नापाशी. फरक एवढाच की बाबांच्या प्रश्नावर कुणाचा जीव टांगलेला नव्हता. इथे हेडबाईंच्या आतड्यातून एक दोरी निघून थेट माझ्या बायकोच्या डोक्यात गेली होती, आणि संध्याकाळी ती सुटणार होती. बायको पुन्हा डेपोत अनवाणी दिसायला लागली मला. सिग्नल सुटला, मागचा माणूस म्हणाला, अहो, चला की.

मी काँक्रीट तपासतो. बांधकामावर ओतायच्या मालातला थोडा आमच्याकडे येतो, तो आम्ही लोखंडी चौकोनी साच्यांत भरतो, सुकला की पाण्यात मुरवतो, मग दाबून फोडतो आणि कितपत वजनाला फुटला ते लिहून देतो. त्यावरून वरचे लोक ठरवतात की इमारत उभी राहील की नाही. फोडायच्या मशीनवर जो बसतो त्याला आम्ही मोडक्या म्हणतो, त्याचं अंग मात्र चांगलं धडधाकट आहे. मी आज पिशवीतून पावडरचा जुना डबा घेऊन आलो होतो, तळाशी थोडी उरलेली. मला सकाळपासून डब्याचाच संशय येत होता. म्हणजे माझ्या मोजण्यात खोट असेल हे डोक्यालाच शिवलं नाही, पावडरीतच काहीतरी असणार, माल खराब असणार, एका चमच्यात भरायला पाहिजे तेवढं भरत नसणार. आमच्याकडे बारीक वजनाचा काटा आहे, अगदी चिमूटभर सिमेंट तोलणारा. तो पुसून घेतला, कोरा कागद ठेवला. मोडक्या येऊन उभा राहिला. "काय रे, पांढरं सिमेंट कधीपासून वापरायला लागलास?" म्हटलं, पोरीचं दूध आहे. "त्याची पण ताकद बघणार? बाप आहेस का इन्स्पेक्टर?" तो हसत हसत मशीनकडे गेला. मी चमचा भरला, सपाट केला, कागदावर पालथा केला. डब्यावर एका चमच्याचं वजन छापलेलं असतं. काट्यावरचा आकडा त्याच्यापेक्षा जास्त. थोडाथोडका नाही, पाव भाग जास्त. आणि माझी पहिली भावना काय, तर बरं वाटलं. म्हटलं लोक उगाच कंपन्यांना नावं ठेवतात, हे तर बिचारे भरभरून देतायत. खात्रीसाठी दुसरा चमचा घेतला. घेतला, आणि माझ्या हाताने तो टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकला. टक, टक, टक. पावडर खाली बसली, वर जागा झाली. हाताने आणखी भरली. टक, टक. मग सुरीची पाठ.

मी हाताकडे बघत राहिलो. हा हात मी ओळखतो. वीस-बावीस वर्षांचा पोरगा होतो तेव्हा माझ्या पहिल्या साहेबांनी तो तयार केलाय. थर टाकायचा आणि सळईने ठोकायचा, पुन्हा थर, पुन्हा ठोकायचा, हवेचा शेवटचा बुडबुडा वर येऊन फुटेपर्यंत. आत पोकळी राहिली तर साचा खोटं बोलतो, ते म्हणायचे, आणि पोकळी सापडली की सगळ्यांसमोर फोडायला लावायचे. तेव्हापासून मी मिठाची बरणी भरतो तर ठोकतो, साखर भरतो तर ठोकतो. मी भरलेली बॅग उघडायला गवंडी बोलवावा लागतो असं बायको पाहुण्यांना सांगते. घरी ओट्याच्या कडेवर रोज सकाळी हाच आवाज येत असणार, आणि आम्हा तिघांपैकी कुणाच्या कानाला तो लागला नाही, कारण तो माझाच आवाज, घरातल्या घड्याळासारखा. डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली. चमचा सैल भरा, दाबू नका. हे मी आधीही वाचलं होतं, अगदी मन लावून. आणि मनाशी म्हटलं होतं, छे, दाबतोय कोण, मी काय अंगठ्याने दाबणारा अडाणी आहे? तिसरा चमचा मी न ठोकता भरला. फार कठीण गेलं. हात शिवशिवत होता, डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवावं लागलं. पावडर भुसभुशीत, मध्ये मध्ये पोकळ, माझ्या धंद्यात हा माल परत पाठवला असता. काट्यावर ठेवला. आकडा डब्यावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. इतके दिवस मी स्वतःच्या मुलीच्या पोटात साचे भरत होतो, एकही बुडबुडा न ठेवता.

हेडबाईंच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला तेव्हा माझा आवाज इतका पडला होता की त्यांना वाटलं बाळाला काही झालं. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, शू होते ना? उलटी? पोट फुगून कडक लागतं का? ताप? शू होते, बाकी काही नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "दूध घट्ट झालं की बाळाच्या पोटात पाणी कमी पडतं, शी सुकते. आधीच पावडरच्या दुधाची शी जरा जाडच असते, त्यात तुम्ही भर घातलीत. भरलेल्या बाटल्या फेकून द्या, ताज्या करा, सैल चमच्याने. वरचं काहीही देऊ नका, ना मध, ना औषध. आणि आज संध्याकाळी आणून दाखवा, एवढ्या लहान बाळाचं मला हात लावून बघायचंय." मग जरा थांबून विचारलं, "आईचं कसं काय?" मी म्हटलं, ठीक आहे. का म्हटलं कोण जाणे.

मोडक्याला सांगून निघालो. वाटेत एक घाणेरडा विचार आला. सांगायचंच कशाला? गुपचूप सैल भरायला लागू, एक-दोन दिवसांत पोट सुटेल, सगळं मिटेल, आणि घरातला काटेकोर माणूस म्हणून आपली जी काही पत आहे ती राहील. पण संध्याकाळ एक-दोन दिवस थांबणार नव्हती. आणि त्याहून खरी गोष्ट म्हणजे, मी गप्प बसलो असतो तर तिला जन्मभर वाटत राहिलं असतं की आपण आपलं दूध दिलं नाही म्हणून लेकराचे हाल झाले. हे मला नको होतं. तिने मला हसावं, रागवावं, पाहुण्यांना सांगावं, चालेल. घराचा जिना चढताना काय बोलायचं ते घोकत होतो. इतकी भीती मला लग्नाला विचारताना वाटली नव्हती.

ती तिथेच होती, खुर्चीत. हेडबाई तिच्या खांद्यावर कुरकुरत होत्या, आई पलंगावर बसून त्यांच्या चिमुकल्या झबल्यांच्या घड्या घालत होती. गोळी स्टुलावरच. "इतक्यात कसा आलास?" तिने विचारलं. मी म्हटलं, "माझं चुकलं. दूध घट्ट होत होतं. मी चमचा ठोकत होतो." तिला काही कळेना. आई म्हणाली, "कुणाला ठोकलंस?" मग मी सरळ डबा आणून दाखवलं. चमचा भरला आणि कसं चुकत होतं ते दाखवायला म्हणून ठोकला, मग बरोबर कसं करायचं ते दाखवायला दुसरा भरला, आणि तोही ठोकला. टक, टक. लक्षातच आलं नाही. तिच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज आला, मला वाटलं रडतेय. हसत होती. किती दिवसांनी, आणि पोटातून, हेडबाई तिच्या खांद्यावर गदगदा हलत होत्या. "अरे माझ्या कर्मा," ती म्हणाली, "तू पोरीला प्लास्टर केलंस." आई पण हसली आणि लगेच पदराआड तोंड लपवून बसली, कारण तिच्याही मनात सकाळचं बाटलीचं वाक्य आलं असावं. मग हसणं ओसरलं आणि बायकोचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे माझ्यामुळे नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही गं. "गोळ्यांमुळे नाही." नाही. "मी अंगावर पाजत नाही म्हणून नाही." नाही, नाही, नाही. मला फार वाईट वाटलं, की हे सगळं ती इतके दिवस एकटी मनात घोळवत होती आणि मी बाटल्या रांगेत लावत होतो.

तिने हेडबाईंना माझ्या हातात दिलं आणि उठली. "सरक," म्हणाली. मी म्हटलं, पाणी उकळून निववलेलं आहे, बाटली मी... "सरक म्हटलं ना." तिने साबणाने हात धुतले, पाणी मापलं, डबा जवळ ओढला. हात कापत होता. चमचा डब्यातून वर आला तो थरथरत, आणि त्या थरथरीने पावडर ना दबली ना बसली, सैल, मोकळी राहिली. सुरीची पाठ फिरवताना काही सांडली. सांडू दिली. चमचा तिने बाटलीच्या तोंडावर टेकवला आणि मगच पालथा केला, पहिल्या दिवशी हे तिला कुणी सुचवलं असतं तर, पण मी तेव्हा सुचवायच्या घाईत नव्हतो, घ्यायच्या घाईत होतो. ओट्यावर बरीच पांढरी भुकटी झाली. बाटलीत मात्र जेवढी जायला हवी तेवढीच गेली. तिने मनगटावर दोन थेंब टाकून बघितले, खुर्चीत बसली, मुलीला घेतलं. हेडबाई घटाघटा प्यायल्या, तहानलेलं माणूस पितं तशा, आणि तेव्हा मला समजलं की ते रडणं बरेचदा भुकेचं नसणार. पिऊन झालं, ढेकर निघाला. मग बायकोने स्टुलावरची गोळी उचलून तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली. आम्ही दोघं बघतोय हे बघून म्हणाली, "काय? नाटक आहे का?" संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, मऊ आहे म्हणाल्या, वाट बघा. आणि तिला विचारलं, दूध कोण करतं घरी? "मी," ती म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. सकाळ गेली. आईने कोमट पाण्याने आंघोळ घातली, बायकोने पाय सायकलसारखे हलवले, काही नाही. मला पुन्हा शंका यायला लागली, म्हटलं आकडा जुळला म्हणजे सगळं जुळतं असं कुठे आहे, आतडं म्हणजे काही काटा नव्हे. ती मात्र शांत होती. दुपारचं ऊन खोलीत आलं होतं, हेडबाईंना नुसत्याच, लंगोटाशिवाय, मांडीवर घेऊन ती बसली होती आणि पोटावरून बोटं फिरवत कसलंसं बोलत होती, बिनशब्दांचं. एकदम हेडबाई थांबल्या. कुठेतरी दूरवर बघायला लागल्या. चेहरा लाल झाला, मी किंकाळीची वाट बघितली. किंकाळी आली नाही. एक छोटासा, अगदी सभ्य आवाज आला, आणि मग झाली. मऊ, भरपूर, कितीतरी दिवसांची, थांबायचं नाव नाही. मी कोमट पाण्याकडे धावलो, आई फडकी घेऊन धावली. "थांबा," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "इतक्यात कुणी पुसू नका. माझ्या हातची आहे ती." आई फडकं धरून तशीच उभी राहिली, मीही भांडं घेऊन उभा राहिलो, आणि तिचा गाऊन मांडीवर हळूहळू पसरत पिवळा होत गेला.